पाडव्याच्या दिवशी बाळापुरात

बाळापूर म्हटले की आपल्याकडच्या माणसाला अकोल्याकडचे किल्ल्याचे बाळापूर आठवते. मी सांगतो आहे ते ते नव्हे. हे आखाडा बाळापूर. नांदेडहून एस. टी.त बसावे, अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे टाकाव्यात, वारंगा फाट्यावर गाडी हिंगोलीच्या रस्त्याला लागली की थोड्याच वेळात कंडक्टर 'बाळापूर, बाळापूर' म्हणून ओरडू लागतो. तालुका कळमनुरी. जिल्हा पूर्वी परभणी होता. १ मे १९९९ पासून हिंगोली. पाहण्यासारखे काय आहे असे कुणी विचारील, तर उत्तर देणे अवघड आहे. औंढ्याला नागनाथ आहे, नरसीला नामदेव आहेत. बाळापूरला बाजार आहे. हळद, कापूस, सोयाबीन यांची पोती, आणि त्या पोत्यांभोवती माणसे. मला विचाराल तर तेही काही कमी नाही.

माझे एक सहकारी तिथले. त्यांच्या आग्रहावरून मी यंदाच्या गुढीपाडव्याला त्यांच्या घरी गेलो होतो. दारोदारी गुढ्या उभ्या होत्या, कडुनिंबाचा मोहोर वाटला जात होता, हे सारे आपल्या शहरातही असते. पण या मुलखात पाडव्याला आणखी एक अर्थ आहे, तो मला प्रथमच डोळ्यांनी दिसला. पाडवा म्हणजे सालगड्याचे साल फिटण्याचा दिवस. वर्षभर एका शेतकऱ्याकडे राबलेला गडी त्या दिवशी मोकळा होतो. ओसरीवर हिशेब होतो. किती उचल घेतली, किती खाडे झाले, बाकी कुणाची कुणाकडे निघते. पटले तर पुढचे साल तिथेच. नाही तर गडी दुसऱ्या दाराशी जातो. वर्षातून एकच दिवस तो मालक बदलू शकतो. अंगावर उचल राहिली असेल, तर तीही नव्या मालकाने चुकती करावी तेव्हा सुटका.

आम्ही पुरणपोळी खाऊन ओसरीवर टेकलो होतो, तेवढ्यात सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ आले. जन्मभर सालगडी म्हणून राबलेले. सारे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या हातात नातीचा मोबाइल होता.

"सर, तुमी कालिजात शिकवता म्हनं. तेवढं ह्ये वाचून सांगा की. लेकराचा कागद हाय."

'मी मराठी शिकवतो हो,' असे म्हणण्याचा धीर मला झाला नाही.

कागद सौदी अरेबियाचा होता. मामांचा मुलगा चौदा महिन्यांपासून रियाधला एका वाहतूक कंपनीत ट्रक चालवतो. पगार दोन-दोन महिने उशिरा. दुसरी एक कंपनी घ्यायला तयार होती. पण ज्या एजंटाने त्याला तिकडे धाडले तो म्हणत होता, जुन्या मालकाच्या सहीवाचून हललास तर तुरुंगात जाशील. मामांचेही मत तेच. "एकडाव धरलं तं धरलं. कामून सोडायचं?"

मामा असे का म्हणतात, हे सहकाऱ्यांनी मला हळूच सांगितले. ऐन आषाढात, पेरणीच्या धामधुमीत, अपमान सहन न होऊन मामा एकदा मालकाच्या वाड्यातून निघून आले होते. अंगावर उचल होती. पाडव्यापर्यंत त्यांना गावात कुणी कामाला उभे केले नाही. ते आठ-नऊ महिने त्या घराने कसे काढले, ते मामांनी कुणाला सांगितलेले नाही. हा मुलगा तेव्हा पाळण्यात होता.

आखाती देशांतल्या या पद्धतीला 'कफाला' म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. परक्या मुलखातल्या कामगारासाठी तिथला मालक जामीन राहतो. म्हणून त्याच्या परवानगीवाचून काम बदलता येत नसे, देशही सोडता येत नसे. मी भाषेचा माणूस, माझे लक्ष भलतीकडेच गेले. आपला 'जामीन' हा शब्द तरी कुठला? अरबीच. मालक, करार, हिशेब, बाकी, मुकादम हे सारे शब्द मुळात अरबी. फारशीच्या पालखीत बसून ते आपल्याकडे आले आणि कुणब्याच्या ओसरीवर उतरले. हा मुलूख तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. बापाने ज्या शब्दांखाली जन्म काढला, तेच शब्द लेकाला सातासमुद्रापार पुन्हा भेटले होते. आपला म्हणावा असा त्यात एकच, 'उचल'.

पण शब्द तेच असले तरी कायदा पुष्कळ बदलला आहे. कतारने २०२० साली जुन्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली. सौदी अरेबियातही १४ मार्च २०२१ पासून नवा नियम आहे: नोंदलेल्या करारावर एक वर्ष काम झाले, की नोटिशीची मुदत पाळून कामगाराला मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाता येते. पगार सलग तीन महिने थकला, तर वर्षाचीही अट नाही. नवा मालक 'किवा' नावाच्या सरकारी यंत्रणेवर मागणी नोंदवतो आणि कामगार तिथेच होकार देतो. मेख आहे ती पुढेच. घरगुती नोकर, घरचा ड्रायव्हर, पहारेकरी, माळी, मेंढपाळ, शेतावरचा गडी यांना हा नियम लागू नाही; त्यांच्यासाठी नियमावली वेगळी. म्हणजे मामा स्वतः तिकडे गेले असते, तर तिथेही सालगडीच राहिले असते!

तेव्हा सारा प्रश्न एका शब्दावर आला: कागदावर मुलाचा हुद्दा काय? आम्ही फोन लावला. तिकडे घड्याळ अडीच तास मागे. तो नुकताच जेवायला बसला होता. मी करार खाली-वर वाचला. हुद्दा 'ट्रकचालक', मालक म्हणून कंपनी, आणि करार सरकारदरबारी नोंदलेला. घरचा ड्रायव्हर नव्हे. मी तसे सांगितले, आणि एजंटाऐवजी वकिलातीत विचारून खात्री करून घे, असेही बजावले.

मामा बराच वेळ गप्प होते. मग फोन तोंडाशी धरून त्यांनी विचारले, "त्याची काई उचल हाय का रे तुह्या अंगावर?"

"न्हाई, बा. त्याच्याकडंच माहे दोन महिने हायेत."

"मंग बदल. पर आधी नव्याचा कागद होऊ दी, मंगच जुन्याचं दार सोड. मधीच निंगू नको."

मी चमकलो. कायद्याचे मर्म त्यांनी दोन वाक्यांत सांगितले होते. काम मध्येच टाकून निघालेल्या माणसाची 'गैरहजर' म्हणून तक्रार करण्याची मुभा तिथल्या मालकाला अजून आहे, आणि ती झाली की गाडी अडते. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत मोठ्या पगारावर आहेत; त्यांचीही गोष्ट निराळी नाही. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला २००० सालच्या कायद्याने नव्या कंपनीचा अर्ज दाखल होताच तिथे रुजू होण्याची सवलत दिली. पण नोकरी आधीच सुटली, तर त्याच्या हाती फार तर साठ दिवस उरतात. तेवढ्यात नवा मालक मिळाला नाही, तर बहुधा बिऱ्हाड आवरायचे. पगार डॉलरमध्ये असला म्हणून नव्या मालकाचा कागद आधी हाती असण्याची गरज काही टळत नाही.

निघताना मामा फाट्यापर्यंत पोचवायला आले. एस. टी.ची वाट पाहत उभे असताना म्हणाले, "आमाला सालात एकच पाडवा व्हता, सर."

श्रावणात सहकाऱ्यांकडून कळले, की मुलाची बदली झाली. जुन्या कंपनीकडचे दोन पगार मात्र अजून यायचे आहेत. त्यासाठी त्याने तक्रार नोंदवली आहे. मामा रोज नातीला विचारतात, बाकी आली का. हिशेब कोरा झाल्याशिवाय साल फिटले, असे ते मानायला तयार नाहीत.