पडलेल्या मनोऱ्याची जागा



वयामुळे किंवा आजारपणामुळे ज्यांना मिस्सेला येता येत नाही, त्यांच्या घरी आम्ही स्वयंसेवक दर महिन्याला जातो. यंदा त्यांच्यासाठी जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचे मोठे फोटो छापून न्यायचे ठरवले आणि बेळगावहून पहाटे तीनलाच निघालो. कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे. दुपार झाली की दर्शनी भिंत सावलीत जाते.

इमारतीच्या फोटोत पहिला त्रास रेषांचा. जवळ उभे राहून मोबाइल वर उचलला की सरळ भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात, मनोरा मागे कलंडतोय असे वाटते. उपाय साधा आहे. फोन अगदी उभा धरायचा, पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा चालू करून भिंतीची कड त्यांच्याशी जुळवायची आणि मनोऱ्याचे टोक मावेपर्यंत मागे सरकत जायचे. खालचा अर्धा फोटो हिरवळीने भरतो. भरू द्यावा, नंतर कापता येतो.

आत मधल्या वाटेवर उभे राहिले की बाकांच्या कडा, दोन्ही बाजूंच्या कमानी, सगळ्या रेषा संत कॅथरिनच्या सोनेरी वेदीकडे धावतात. तिथे आम्ही कॅमेरा गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. उभ्याने काढलेला फोटो पर्यटकाचा वाटतो, निदान आम्हांला तरी.

वाद झाला तो बाहेरच्या फोटोवरून. या कॅथेड्रलला दोन मनोरे होते. उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. त्यामुळे दार मधोमध घेतले की डावीकडे मनोरा, उजवीकडे नुसते आकाश, आणि फोटो एका बाजूला जड. एकजण म्हणाला, उजवी बाजू कापून टाकू. दुसऱ्याने तर संगणकावर डावा मनोराच उलटा करून उजवीकडे बसवायची तयारी दाखवली! तसे चर्च जुन्या गोव्यात नाही. आम्ही उलट उजवीकडे थोडे जास्तच आकाश ठेवले. नजर मनोऱ्यावरून उतरते, मधल्या उंच भागावरून पलीकडे जाते आणि त्या मोकळ्या जागेत थांबते.

पहिला फोटो आमच्या एका आजींना दिला. लग्नाच्या वर्षी त्या नवऱ्याबरोबर फेस्ताला गेल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवले ते थेट उजवीकडच्या आकाशावर.

"इथला पडलाय बाळांनो. आमचे हे मला म्हणाले, दुसरा मनोरा कुठं गेला ते शोध. आख्खा दिवस शोधत होते मी!" आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसल्या. हसता हसता डोळे भरले.

फोटो त्यांच्या पलंगासमोर लावला. खिळा नेहमीपेक्षा बराच खाली ठोकला, पडल्या पडल्या दिसेल असा.