विरजण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन वीकेंड ऑफिसने खाल्ले, आणि चूक माझीच होती. आज ती सांगूनच टाकतो.

२०२१ मध्ये वर्क फ्रॉम होम चालू असताना मी एक स्टार्टर टेम्प्लेट बनवलं होतं. प्रत्येक नवीन वेबसाइटला लागणारं तेच ते सामान: लॉगिन, डेटाबेसची जोडणी, एरर पेजेस, फोल्डरची मांडणी. आधी पहिले तीन-चार दिवस त्यातच जायचे. टेम्प्लेट आल्यावर ते काम एका दुपारचं झालं. कॉपी करा, नाव बदला, चालू करा. टीममध्ये माझा भाव वधारला, खोटं कशाला बोलू? :)

मागच्या महिन्यात एक फ्रेशर मुलगी माझ्या डेस्कपाशी आली. "सर, जरा विचित्र होतंय." तिच्या लॅपटॉपवर दोन प्रोजेक्ट चालू होते, लोकलहोस्टच्या दोन वेगळ्या पोर्टवर. एकात लॉगिन केलं की दुसरं न विचारता तिला आत घेत होतं. तेही थेट ॲडमिन म्हणून!

मी नेहमीचं उत्तर दिलं. "कॅश असेल गं, इनकॉग्निटोत बघ." तिने बघितलं. तेच. मग मात्र पोटात गोळा आला.

लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला एक टोकन देतो. 'हा युजर नंबर १' एवढाच त्यातला मजकूर, आणि खाली सर्व्हरच्या गुप्त किल्लीने केलेली सही. सही जुळली की सर्व्हर म्हणतो, आपलाच माणूस, येऊ द्या. लोकलहोस्टवर पोर्ट बदललं तरी कुकीज त्याच राहतात, म्हणून तिचं टोकन आपोआप दुसरीकडे गेलं. पण तिथली सही जुळली कशी? तर किल्ली दोन्हीकडे एकच होती. टेम्प्लेटमध्ये मी तात्पुरती लिहिली होती, 'चेंज मी लेटर'. ते 'लेटर' कधी आलंच नाही. पाच प्रोजेक्ट, एकच किल्ली. त्यातले तीन लाइव्ह.

लाइव्ह साइट्सचे डोमेन वेगळे, त्यामुळे कुकी आपोआप जात नाही. पण थोडीफार माहिती असलेला कोणीही टोकन हाताने उचलून दुसरीकडे चिकटवू शकत होता. तिकडचा ५७ नंबरचा युजर इकडचा ५७ नंबर बनला असता.

किल्ली गुपचूप बदलून 'मेंटेनन्स' म्हणून सांगायचा मोह झाला. पण किल्ली बदलली की सगळे युजर लॉगआउट होतात, क्लायंट विचारणारच. मॅनेजरला बोलावलं. त्याने समोरच्या प्रोजेक्टमध्ये गिट ब्लेम लावलं. ओळीपुढे नाव कोणाचं? त्या मुलीचं. टेम्प्लेट कॉपी करून पहिलं कमिट तिने केलं होतं ना!

"हे तू टाकलंस?" त्याने तिला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी दोन-तीन सेकंद गप्प बसलो.

मग बोललो की ओळ माझी आहे, टेम्प्लेट माझं आहे, हिने तर चूक पकडली. पण ते दोन-तीन सेकंद अजून टोचतात. तिने कोणाला काही म्हटलं नाही, म्हणून जास्तच.

पुढचे दोन वीकेंड किल्ल्या बदलणं आणि लॉग चाळणं. कोणी गैरफायदा घेतल्याचं दिसलं नाही. नशीब! आता टेम्प्लेटमध्ये किल्लीच नाही. प्रत्येक प्रोजेक्टने स्वतःची बनवायची, ती नसेल तर ॲप सुरूच होत नाही. शिवाय कॉपी करणाऱ्याने सेटिंग्जची फाइल ओळीने वाचायची आणि 'हे का आहे' असं मला विचारायचं. पहिल्याच दिवशी त्या मुलीने नऊ प्रश्न विचारले. चारांची उत्तरं मला आली नाहीत. त्या ओळी काढून टाकल्या, काहीही बिघडलं नाही.

टेम्प्लेट वापरू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः वापरणारच. पण ती शिळी होतात. २०१६ मध्ये आलेलं क्रिएट रिॲक्ट ॲप कित्येकांनी डोळे झाकून वापरलं, मीही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्याच टीमने सांगितलं की नव्या ॲपसाठी आता हे नको.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. टोकन वगैरे तिला कळलं नसावं. ती म्हणाली, "अरे, विरजण आंबट झालं की दही रोज आंबटच लागणार. मग दुधाला काय बोल लावायचा? शेजारून चमचाभर नवीन आणायचं."

असो. तुमच्या टेम्प्लेटमध्ये एखादं 'चेंज मी लेटर' पडलंय का, सोमवारी गेल्या गेल्या शोधा. आणि सापडलं तर तेव्हाच बोला. तीन सेकंद थांबू नका.