उघडे पान

जयपूरच्या जुन्या शहराने आपल्या चौकांना एका खेळाचे नाव दिले आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरात मोठे बाजार जेथे एकमेकांना छेदतात, त्या जागांना चौपड म्हणतात. चौपडीच्या पटावर सोंगट्या चालतात त्या उघड्यावर, कवड्या पडतात त्या सर्वांसमक्ष. पत्त्यांचे तसे नाही. पत्त्याला पाठ असते, आणि सारा खेळ त्या पाठीच्या भरवशावर चालतो.

बडी चौपडजवळच्या एका हवेलीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, बदलीवर तिकडे गेलेला एक मराठी गृहस्थ ब्लॅकजॅक खेळावयास बसला होता. गुडघा दुखत असल्याने तो लोडावर कलंडला होता. पत्ते वाटणारे काकासा सत्तरीपलीकडचे. या खेळात वाटणारा आपले एक पान उताणे ठेवतो, एक पालथे. त्याची बेरीज १६ पर्यंत असेल तर त्याने आणखी पान घ्यायचे, १७ झाली की थांबायचे, २१ च्या वर गेला की बुडाला. काकासांचा हात थरथरे, आणि पालथे पान सरकवताना त्याची कड किंचित उचलली जाई. ताठ बसलेल्यांना ती दिसत नसे. कलंडलेल्याला दिसली.

छक्की होती. शेजारी उताणी दश्शी. गृहस्थाच्या हाती १६. एरवी दश्शीसमोर १६ असता नाइलाजाने पान मागावे, असा जाणत्यांचा हिशेब. परंतु आता काकासांचेही १६ च होते, आणि पान घेणे त्यांना भाग होते. छक्कीपासून राजापर्यंत, १३ पैकी आठ पाने सोळाला बुडवतात. गृहस्थ थांबला. काकासांना नव्वी आली.

इथवर त्याच्या पदरी दोष घालणे कठीण. दिसलेले न दिसल्यासारखे करावे, असा खेळाचा नियम नाही. पण तिसऱ्या-चौथ्या डावानंतर काकासांनीच त्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि आतून खुर्ची मागवली.

‘‘नहीं काकासा, यहीं ठीक है,’’ गृहस्थ म्हणाला. ‘‘बस, दिया थोड़ा पास रखवा दीजिए.’’

दिवा जवळ आला.

लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात २०१२ मध्ये फिल आयव्ही या नामांकित खेळाडूने पुंतो बांको या खेळात सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पानांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना सारखी नव्हती. त्याच्या सोबतिणीने शुभाशुभाचे निमित्त सांगून वाटणाऱ्याकडून हवी ती पाने फिरवून घेतली. क्लबाने पैसे नाकारले. आपण लबाडी करत नाही असे आयव्हीला मनापासून वाटत होते, हे न्यायालयाने मान्य केले. आणि तरीही २५ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती लबाडीच ठरवली. तो केवळ पाहत बसला नव्हता, दिसेल अशी व्यवस्था त्याने करवून घेतली होती. तिथे पाने फिरली. इथे एक दिवा सरकला, तोही यजमानाच्या सौजन्याने.

पहाटे गृहस्थाच्या खिशात ३४० रुपये जास्त होते. दारापर्यंत पोचवायला आलेले काकासा हसून म्हणाले, ‘‘आपकी नज़र बड़ी तेज़ है, भाईसाहब.’’ त्यांच्या थरथरत्या हातात मिठाईचा पुडा होता. तो त्याने घेतला, आणि बडी चौपडपर्यंत पायीच गेला. गुडघा दुखत नव्हता.