मज्जेचे वय आणि दानाची वेळ

काटोलच्या या शाळेच्या मैदानावर आम्ही किती वेळा पडलो आणि किती वेळा उठलो, याची गणती नाही. कबड्डीत गुडघ्याचे सालटे निघाले की वसतिगृहाचे गुरुजी हळद दाबून बसवीत. सायंकाळच्या वंदनेला गुडघे टेकताना ठणका लागे, आणि आठवडाभरात खपली गळून पडे. गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आमच्यातील एक जण त्याच मैदानाच्या कडेला घसरला. जखम पूर्वीएवढीच होती. भरून यायला मात्र महिना लागला. साठीकडे झुकलेले आम्ही सारे त्यावर हसलो खरे, पण हसण्यामागे प्रश्न होता : शरीराची दुरुस्ती करणारे हात थकतात कसे?

या हातांना शास्त्रात मूलपेशी म्हणतात. स्टेम सेल हा शब्द आता वर्तमानपत्रांतूनही परिचित झाला आहे. रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. तिची जागा घेणारी नवी पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत, तेथील मूलपेशींपासून तयार होते. त्वचा, आतडे, स्नायू यांच्याही आपापल्या मूलपेशी असतात. वय वाढले की या पेशी संपतात, असा आमचा समज होता. मज्जेच्या बाबतीत तो उलटा ठरला. उतारवयात तेथील मूलपेशींची संख्या वाढते. घटते ते प्रत्येकीचे सामर्थ्य. रोगाशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी त्या कमी प्रमाणात निर्माण करू लागतात. वर्षानुवर्षे विभाजन होताना जनुकांत बारीक चुका साचतात, आणि कधी कधी अशा एकाच चुकलेल्या पेशीची संतती रक्तात पसरत जाते.

तथापि दोष एकट्या पेशीचा नसतो. 2005 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांशी जोडले. तेव्हा म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंतील निद्रिस्त मूलपेशी पुन्हा कामाला लागल्या. पेशी होत्याच, त्यांना जाग आणणारा भोवताल हरपला होता. कोणतीही गोष्ट स्वयंभू नसते, ती कारणांच्या व परिस्थितीच्या आधाराने उपजते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा धडा आम्ही याच शाळेत गिरवला. तो मज्जेलाही लागू पडावा, याचे नवल वाटले.

आमच्या काटोलच्या शेतकऱ्याला यातील अर्धे गुपित फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जुन्या, निरोगी मातृवृक्षाचा डोळा तो जंबेरीच्या कोवळ्या खुंटावर भरतो, आणि त्यातून संत्र्याचे नवे, जोमदार झाड उभे राहते. झाड जुने झाले तरी डोळ्यातील वाढीची शक्ती शाबूत राहते. माणसाला ही सवलत नाही. आमची मज्जा कोवळ्या देहात गेली, म्हणून ती कोवळी होत नाही. हे आम्हाला पुस्तकातून कळले नाही.

आमच्या एका सहाध्यायाच्या नातीला सिकलसेल आहे. विदर्भात हे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही, आणि आपल्या समाजात तर नाहीच. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि 120 ऐवजी जेमतेम दहा-वीस दिवस जगतात. त्यामुळे मज्जेला उसंत नसते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पोरगी वेदनेने तळमळते. निरोगी दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हा या रोगाच्या मुळाशी जाणारा उपचार आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 मध्येच देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले होते. परंतु त्यासाठी दात्याची आणि रुग्णाची ऊती जुळावी लागते. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. या मुलीला एकच भाऊ; त्याची जुळली नाही.

आम्ही आठ जण डॉक्टरांसमोर उभे राहिलो. म्हणालो, आमची तपासा, आमची घ्या. त्यांनी आदराने बसवले आणि सांगितले, "काका, तुमची भावना कळते. पण बाहेरचा दाता आम्ही तरुणच शोधतो." दात्याचे वय वाढते तसा रुग्णाचा धोका वाढतो. दात्यांची नोंदणी अठराव्या वर्षापासून होते आणि पन्नाशी-पंचावन्नच्या सुमारास तिचे दार बंद होते. ज्या वयात देता आले असते, त्या वयात आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आणि सांगणारा भेटला, तेव्हा वेळ निघून गेली होती. परतीच्या एसटीत कोणी फारसे बोलले नाही.

म्हणून या स्मरणिकेत आठवणींबरोबर एक विनंती लिहून ठेवतो. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो, अठरा पूर्ण झाली की मूलपेशीदाते म्हणून नाव नोंदवा. सुरुवातीला गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, एवढेच. पुढे कोणाशी जुळलेच, तर बहुधा हाताच्या शिरेतून पेशी घेतल्या जातात, आणि शरीर त्या काही आठवड्यांत भरून काढते. ऊतीचे गुण वंशपरंपरेने येतात. त्यामुळे आपल्या लेकरांना जुळणारा दाता आपल्या माणसांत सापडण्याची शक्यता अधिक. आपली माणसे यादीत नसतील, तर तो सापडणार कोठून? आणि लग्न ठरवण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करा. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.

दहा पारमितांमध्ये दान पहिले, हे आम्ही पाठ केले होते. दानालाही वय असते, हे आम्ही उशिरा शिकलो. आमची मज्जा आता कामाची नाही. ज्या भोवतालात तुमची जाग येईल, तो भोवताल होणे मात्र अजून आमच्या हाती आहे. नातीचा शोध चालू आहे. तिचा दाता कदाचित आज याच शाळेच्या मैदानावर गुडघा खरचटून घेत असेल.