टाकी फुल केली की...

"विकेंडला मालवणला चाललोय" म्हटल्यावर टीममधल्या सगळ्यांनी हेवा केला. पण मी काही तारकर्लीला डुंबायला जात नव्हतो. काकांची पिकअप सारखी बंद पडत होती आणि "घरात एवढो इंजिनिअर असा" म्हणून मला बोलावणं आलं होतं. आता मी लिहितो जावा. बॉनेटचा खटका कुठे असतो तेही मला शोधावं लागतं. असो.

गाडी जुनी, डिझेलवरची. मालवण बंदरातून मासळीचे क्रेट भरायचे आणि फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, हा तिचा धंदा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेवढे दिवस ती माडाखाली उभी. ऑगस्टमध्ये बाहेर काढली आणि दुखणं सुरू झालं. कसालच्या अलीकडे इंजिन गुदमरायचं आणि बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, पुढे परत तेच. तोवर बर्फ वितळतो, मासळी नरम पडते, भाव जातो.

मेस्त्रींनी डिझेल फिल्टर दोनदा बदलला, फीड पंपाचं किट टाकलं, एअर काढली. आता मेन पंप उघडायचा, पंचवीस हजार धरा म्हणाले. काका गाडी विकायच्या गोष्टी करायला लागले होते. त्यात त्यांचं म्हणणं, मुलगा गाडी नीट चालवत नाही. चार दिवस बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

पोचलो त्या रात्री जेवताना काका म्हणाले, "टाकी फुल केली की बेगीन बंद पडता. अर्दी असली की कोल्हापूर गाठता." मी मान डोलावली आणि सोडून दिलं. युजर काहीही सांगतो, आपण लॉग बघायचा, ही आमची सवय!

झोप येईना तेव्हा ते वाक्य परत आठवलं. डिझेल जळेल तशी टाकीत बाहेरून हवा यायला हवी. ती आलीच नाही तर? समजा वर 3 लिटर हवा आहे. 1 लिटर डिझेल गेलं की तीच हवा 4 लिटरमध्ये पसरणार, दाब पाऊणपट. पंपाने ओढायचं तरी किती? पण हवा 30 लिटर असेल तर तेवढ्याच डिझेलने दाब जेमतेम 3 टक्के उतरतो. म्हणजे टाकी फुल असेल तेव्हाच गाडी लवकर बंद पडणार!

सकाळी टाकी फुल करून तिघे निघालो. कसालच्या अलीकडे गाडी बंद. मी उतरून टाकीचं झाकण फिरवलं... फुस्स! बाहेरची हवा आत शिरली. हातपंप मारला, गाडी लगेच स्टार्ट. मग झाकण सैल ठेवून, वर फडकं बांधून थेट फोंड्यापर्यंत गेलो आणि परत आलो. एकदाही बंद पडली नाही.

घरी येऊन टाकीची ब्रीदर नळी काढली. तोंडाशी सुकलेल्या चिखलाचा गोळा, फोडला तर आत मेलेले कोळी. कुंभारमाशीचं घर! ती अंडं घालते आणि पिल्लांसाठी कोळी साठवते. बंदीच्या दोन महिन्यांत तिला आयती नळी मिळाली होती.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. 1996 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एक बोइंग 757 समुद्रात कोसळून 189 माणसं गेली. वेग मोजणारी नळी बुजली होती आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच माशीच्या घरावर होता.

आमचा खर्च शून्य. आता गाडी उभी राहील तेव्हा नळीच्या तोंडाला बारीक जाळी.

काका एवढंच म्हणाले, "ह्याच सांगत होतंय मा मी!" खरंच सांगत होते, मेस्त्रींना आणि मलाही. मग त्यांनी गाडीची चावी चुलतभावाच्या हातात दिली. "उद्या बेगीन निघ रे." चार दिवसांतलं त्यांचं त्याच्याशी पहिलं वाक्य.