साताऱ्याच्या शाळेतील एक नोंद

सातारा म्हटले की कुणाला अजिंक्यतारा आठवतो, कुणाला कंदी पेढे. सहली निघतात त्या गड पाहायला, कास-ठोसेघरकडे जायला. साताऱ्याच्या राजवाड्यापाशी एस.टी.तून उतरणाऱ्या किती शिक्षकांना, किती आई-वडिलांना ठाऊक असते की याच राजवाड्याच्या वास्तूत भरणाऱ्या शाळेत एक नऊ वर्षांचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला होता? तारीख होती ७ नोव्हेंबर १९००. शाळेचे त्या वेळचे नाव गव्हर्नमेंट हायस्कूल. आज आपण तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखतो. दाखल्याच्या रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४ ला नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर. हे रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळण्याचे ठरविले, ते याच नोंदीमुळे.

मी शाळामास्तर. मुलांना घेऊन साताऱ्याला गेलो तो मुख्यतः या नोंदीपायी. त्यामागे एक कारण होते. आमच्या मुलांना बाबासाहेब माहीत आहेत, पण कसे? निळा कोट, हातात संविधान, उंचावलेले बोट. जयंतीच्या भाषणात दहा वर्षांचे पोर "महामानव, विश्वरत्न, घटनेचे शिल्पकार" असे धडाधडा म्हणून दाखविते आणि टाळ्या घेऊन खाली बसते. त्या पोराला विचारा, बाबासाहेब तुझ्याएवढे असताना कुठे राहत होते, त्यांचे केस कोण कापीत होते, तहान लागली की ते काय करीत? पोर गप्प होते. पुतळ्याला नमस्कार करता येतो, पण पुतळ्याच्या शेजारी बाकावर बसता येत नाही. भिवाच्या शेजारी बसता येते.

म्हणून राजवाड्यासमोर उभे करून मी मुलांना आधी घर सांगितले. वडील रामजी मालोजी सकपाळ, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव कोकणातले, मंडणगडजवळचे आंबडवे. आई भीमाबाई १८९६ साली साताऱ्यातच वारल्या. भिवा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. पुढे त्याला सांभाळले आत्या मीराबाईने. आई नसलेली दोन मुले माझ्या वर्गात आहेत. मीराबाईचे नाव त्यांनी मला पुन्हा विचारून घेतले.

मग शाळा सांगितली. बाबासाहेबांनी लहानपणाच्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही ती छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली. भिवा वर्गात कोपऱ्यात वेगळा बसे. बसायचे गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या गोणपाटाला शिवत नसे. नळाला हात लावायची मनाई. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे. न्हावी केस कापीत नसे, म्हणून थोरली बहीणच भिवाचे केस कापी.

येथे शिक्षकाची खरी परीक्षा असते. माझ्या वर्गात सगळ्या समाजांची मुले आहेत. ही हकिगत नीट सांगितली नाही, तर आपल्या पोरांची मान खाली जाते आणि दुसऱ्यांच्या पोरांना वाटते की आपल्यावर बोट रोखले आहे. या भीतीने पुष्कळ शिक्षक हा भाग गाळूनच टाकतात आणि थेट परदेशातल्या पदव्यांवर येतात. मग मुलांना वाटते, हा माणूस जन्मतःच मोठा होता. आपण तसे नाही, तेव्हा आपला काय संबंध?

मी १९०१ सालचा मसूरचा प्रवास सांगितला. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलाविले. नवे कपडे, नवे बूट घालून भिवा भाऊ-भाचरांसह आगगाडीने निघाला. मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कोणीच नाही. येण्याचे पत्र वडिलांना मिळालेलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली, पण जात कळताच त्यांचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. जवळ डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी नव्हते. नाक्यावरच्या माणसानेही पाणी दिले नाही. भरल्या डब्याशेजारी पोरे रात्रभर उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती वडिलांपर्यंत पोचली.

ही हकिगत सांगताना मी जातीपासून सुरुवात करीत नाही, तहानेपासून करतो. "सहलीत तुमची पाण्याची बाटली संपली तेव्हा काय वाटले?" सगळी मुले बोलतात. तहान सर्वांना ठाऊक असते. मग सांगतो, पाणी होते, फक्त या मुलांना दिले गेले नाही. का, ते तुम्हीच शोधा. तेव्हा आमच्या पोरांची मान खाली जात नाही आणि दुसरी पोरेही भिवाच्या बाजूला येऊन उभी राहतात. एक मुलगी म्हणाली, "सर, तो नाक्यावरचा माणूस चुकला." तिला हे मी सांगितले नव्हते.

दुसऱ्या एकाने विचारले, "मग भिवाने शाळा का सोडली नाही?" याचे उत्तर मी घरात शोधायला लावतो. सातारा सोडून मंडळी मुंबईला आली, परळच्या चाळीत एका खोलीत राहिली. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील त्याला रात्री दोन वाजता उठवीत. पुस्तकांना पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जात; त्यांचा दागिना गहाण पडे आणि पुस्तक घरात येई. १९०७ साली भिवा मॅट्रिक झाला, त्यात आत्याचा, बहिणींचा आणि वडिलांच्या झोपेचा वाटा आहे. हे ऐकून मुले घरी जातात तेव्हा आईकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

आणि एक माणूस मुद्दाम सांगतो : कृष्णराव अर्जुन केळुस्कर. हे शिक्षक आणि लेखक. विद्यार्थी भीमरावाच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एका थोर पुरुषाचे चरित्र एका पोराच्या हाती पडले आणि त्याची खूण १९५६ पर्यंत पोचली. आपण वर्गात चरित्रे का शिकवतो, याचे याहून मोठे उत्तर मला ठाऊक नाही.

परतीच्या प्रवासात मुलांना दोन कामे दिली. नकाशावर सातारा, मसूर आणि महाड या गावांवर खूण करा. महाडला का, ते १९२७ सालच्या २० मार्चचा चवदार तळ्याचा सत्याग्रह वाचून लिहा. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा : तुम्ही शाळेत कुठे बसत होता? पाणी कसे पीत होता? दुसऱ्या कामाची जी उत्तरे आली, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. काही आज्यांनी सांगितले की शाळा पाहिलीच नाही. नातवंडांनी तेही लिहून आणले.

आई-वडिलांना एवढेच सांगणे आहे. ७ नोव्हेंबरला हार-तुरे जरूर असोत. पण त्या दिवशी मुलाला जवळ बसवून भिवाच्या शाळेची गोष्टही सांगा. जमल्यास सुट्टीत साताऱ्याला न्या. पुण्याहून एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येते. तिथे पोहोचल्यावर भाषण करू नका. मुलाला प्रश्न विचारू द्या, आणि उत्तर देताना घाई करू नका.