गाडीवर हाताला मुंग्या येतात? हँडल बदलण्यापूर्वी हे वाचा

घोटावड्यात दवाखाना चालवताना एक तक्रार आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येते. "डॉक्टर, गाडी चालवली की हाताला मुंग्या येतात." कुणी पिरंगुटच्या कंपनीत कामाला जातो, कुणी माणमार्गे हिंजवडीला, तर कुणी पहाटे दूध घेऊन कोथरूडला. या मंडळींना "दुचाकी बंद करा" असा सल्ला देऊन काय उपयोग? गाडी बंद झाली तर त्यांची रोजीरोटीच बंद होते. म्हणून आज थोडे गाडीच्या हँडलविषयी बोलू.

हा त्रास मी स्वतः भोगला आहे. माझे वय चोपन्न. माझी साडेतीनशे सीसीची गाडी दिसायला सुरेख, पण हँडल सपाट आणि सीटपासून दूर. रोज पुण्याहून येताना भूगाव ओलांडले की डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर व्हायचे. आधी रक्तातील साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतले. मानेची तपासणी केली. सगळे ठीक निघाले. मग गाडीकडे वळलो.

कोणती बोटे बधिर होतात, हे नीट लक्षात ठेवा. करंगळी आणि अनामिका असतील, तर बहुधा अल्नर नावाची नस दबते आहे. ही नस तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाते आणि शरीराचा भार नेमका तिथेच ग्रिपवर पडतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट असतील, तर मीडियन नस दबण्याची शक्यता जास्त. यालाच कार्पल टनेलचा त्रास म्हणतात. मनगट वाकलेले ठेवून सतत क्लच दाबला की तो वाढतो. दोन्हींत भर घालते ती इंजिनाची थरथर.

हँडल खाली आणि पुढे असेल तर आपण वाकून बसतो. वेगात जाताना समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना ही बैठक चालते. पण पिरंगुटच्या गर्दीत ताशी तीसने जाताना कसला आलाय वारा! सगळा भार मनगटांवर येतो. समोर पाहण्यासाठी मान मागे ताणावी लागते. डोक्याचे वजनच साडेचार-पाच किलो असते, त्यावर हेल्मेट. मान आणि खांदे दुखणारच. बैठकीचा हा फरक कंपन्याही जाणतात. रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या दोन्ही ६५० सीसी गाड्यांचे इंजिन एकच आहे. पण पहिलीचे हँडल उंच आणि रुंद, दुसरीचे खाली, वाकून धरायचे.

म्हणून हँडल जितके उंच तितके चांगले, असेही नाही. हात खांद्याच्या वर गेले की खांद्याचे स्नायू लवकर थकतात आणि गाडीवरचा ताबाही कमी होतो. योग्य बैठक अशी: पाठ जवळजवळ सरळ, खांदे सैल, कोपर थोडे वाकलेले आणि मनगट हाताच्या रेषेत.

खर्च करण्यापूर्वी फुकटचे उपाय करून पाहा. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन असा ठेवा की बोटे टेकवल्यावर मनगट वर किंवा खाली मोडणार नाही. अनेक गाड्यांत हँडल क्लॅम्पमध्ये सैल करून थोडे आपल्याकडे फिरवता येते. ग्रिप आवळून धरू नका. पोट आणि गुडघ्यांनी टाकीचा आधार घ्या. दर अर्ध्या तासाने थांबून बोटे उघड-मिट करा. निम्म्या लोकांना एवढ्यावरच बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

मला एवढे पुरले नाही. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून त्याच कंपनीचे, माझ्या मॉडेलसाठी असलेले उंच हँडल बसवून घेतले. ते साधारण दोन इंच वर आणि थोडे मागे आले. महिनाभरात मुंग्या थांबल्या. तुम्हीही बदलणार असाल, तर मिस्त्रीसमोर उभे राहून एक गोष्ट करा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर किंवा ब्रेकचा पाइप ताणला जाता कामा नये. इंजिन चालू ठेवून हँडल वळवताना आपोआप रेस वाढली, तर वायर आखूड पडते आहे. अशी गाडी ताम्हिणीच्या वळणावर जीव घेईल. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. म्हणून बाजारातले कुठलेही हँडल लावू नका, आधी चौकशी करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. मागच्या वर्षी एक दूधवाले काका आले. "डावा खांदा भरून येतो, हँडल उंच करून घेऊ का?" असे विचारत होते. मी विचारले, "काका, किटल्या घेऊन जिना चढताना दुखतो का?" म्हणाले, "तेव्हाच जास्त. जरा थांबलो की बरं वाटतं." ईसीजी काढला आणि त्याच दिवशी त्यांना पुण्याला पाठवले. हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली होती. काका आज ठणठणीत आहेत आणि त्याच जुन्या हँडलने गाडी चालवतात.

तेव्हा श्रम केल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे गाडीच्या माथी मारू नका. छातीत दाब, घाम, दम लागणे, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर मिस्त्रीकडे नव्हे, थेट रुग्णालयात जा. हातातून वस्तू निसटत असतील, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, दोन्ही हात किंवा पायही बधिर असतील, किंवा अंगठ्याजवळचा मांसल भाग बारीक होत असेल, तरी वाट पाहू नका. नस फार काळ दबून राहिली, तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. मधुमेहींनी तर पहिल्याच महिन्यात दाखवावे.

आणि दाखवायला येताना शक्य असेल तर गाडी घेऊनच या. तुम्ही गाडीवर कसे बसता, हे मी बाहेर येऊन पाहीन. पाच मिनिटे लागतात, पण औषधाच्या चिठ्ठीपेक्षा पुष्कळदा त्याचाच उपयोग जास्त होतो.